तो रणात, ती रानात

फेब्रुवारी १९४५. जर्मनीचा पराभव काही महिन्यांवर येऊन ठेपला होता आणि लंडनच्या सरकारी कचेऱ्यांत युद्धानंतरच्या देण्याघेण्याचे हिशेब सुरू झाले होते. सैन्यातून सुटणाऱ्यांना रक्कम किती द्यायची, प्रशिक्षण कोणाला द्यायचे, नव्याने धंदा मांडायला मदत कोणाला करायची, याच्या याद्या बनत होत्या. स्त्रियांच्या लष्करी दलांची नावे त्यांत होती. 'विमेन्स लँड आर्मी' या शेतीसेनेचे नाव मात्र नव्हते. १९३९ पासून ही सेना ससेक्समधल्या आपल्या राहत्या घरातून चालवणाऱ्या लेडी गर्ट्रूड डेनमन यांनी तडक राजीनामा दिला. सरकारचे म्हणणे वरवर बिनतोड होते. या मुलींना पगार शेतकरी देतो, सरकार देत नाही. तेव्हा त्या कामगार आहेत, सैनिक नव्हेत. बोभाटा झाल्यावर काही किरकोळ सवलती निघाल्या. बूट ठेवून घ्यायला परवानगी मिळाली आणि ओव्हरकोटही ठेवता येईल असे ठरले, पण तो आधी गडद निळ्या रंगात रंगवून घेण्याच्या अटीवर. सेनेची खूण अंगावर राहता कामा नये, एवढाच त्याचा अर्थ.

महायुद्धांनी स्त्रीला घराबाहेर काढले, हे विधान आपल्याकडे शाळेच्या पुस्तकापासून स्पर्धा परीक्षेच्या नोट्सपर्यंत सगळीकडे फिरत असते. दारूगोळ्याच्या कारखान्यांबद्दल ते बरेचसे खरे आहे. शेतीबद्दल मात्र ते साफ उलटे आहे. शेतकऱ्याची बाई मुळात घरात बसलेली होतीच कधी? युद्धाने तिला शेतात नेले नाही. शेतात फक्त तीच उरली आहे, हे युद्धामुळे चार-पाच वर्षे डोळ्यांवर आले. आणि तरीही कागदावर ती आली नाही. माझे म्हणणे असे की हा विसरभोळेपणा नव्हता. शेतीतल्या बाईचे श्रम गैरहजर पुरुषाच्या नावे जमा करण्याची एक पक्की व्यवस्था युद्धाआधीपासून होती, युद्धातही ती बिनबोभाट चालली आणि आपल्याकडे तर ती पुढे कायद्याच्या कलमात जाऊन बसली.

इंग्लंडची गोष्ट आधी, कारण ती सगळ्यांत जास्त मिरवली गेली. १९१७ मध्ये जर्मन पाणबुड्या धान्याची जहाजे धडाधड बुडवत होत्या आणि आपले पोट परदेशी गव्हावर चालते याची ब्रिटनला धास्ती पडली होती. त्या वसंतात पहिली लँड आर्मी उभी राहिली. १९१९ मध्ये ती मोडेपर्यंत सुमारे २३,००० मुली तिच्यातून गेल्या. घोड्यांच्या नांगरामागे चालणारी तरुणी भरतीच्या पोस्टरवर आली. पण त्याच वर्षांत गावोगावच्या कितीतरी अधिक बायका रोजच्याच झग्यावर एप्रन बांधून अर्धवेळ शेतावर जात होत्या. त्यांचे पोस्टर निघाले नाही. खेड्यातल्या मजुराला आपली बायको शेतावर जाते हे सांगण्याची लाजच वाटे. एकोणिसाव्या शतकात मुकादमाच्या हाताखाली बायकामुलांच्या टोळ्या शेताशेतांवर हाकल्या जात, इतक्या की १८६७ मध्ये त्यांच्यावर कायदा करावा लागला. ती आठवण ताजी होती. आमच्याकडे 'आमच्या घरातल्या बायका रानात जात नाहीत' असे सांगणाऱ्या घरंदाजांना ही लाज समजावून सांगायला नको.

म्हणजे नेमके काय झाले पाहा. गावची बाई शेतात गेली तर ती गरिबी. शहरातली मुलगी गेली तर ती देशसेवा. काम तेच, चिखल तोच.

दुसऱ्या खेपेला, जून १९३९ मध्ये, तयारी आधीच झाली होती. ऐन युद्धात या सेनेची संख्या ८०,००० च्या पुढे गेली. एक तृतीयांशाहून अधिक मुली लंडन आणि उत्तरेकडच्या कारखानदारीच्या शहरांतून आलेल्या होत्या. कोणी केशकर्तनालयात असलेली, कोणी दुकानात, कोणी टंकलेखिका. तपकिरी कॉर्डरॉयची विजार, हिरवा लोकरी स्वेटर, फेल्टची टोपी. सुरुवातीला आठवड्याला २८ शिलिंग मजुरी, त्यातून निम्मे राहण्याजेवणाचे कापून जायचे. पुरुष शेतमजुराला तेव्हा सरासरी ३८ शिलिंग मिळत. उन्हाळ्यात आठवड्याला ५० तास काम, हिवाळ्यात ४८. त्यांतल्या सुमारे पाव मुली गोठ्यात लागल्या. भल्या पहाटे, अंधारात, गार पडलेल्या बोटांनी धारा काढायच्या. हजारभर जणींना उंदीर मारायच्या कामाला लावले होते, आणि दोघींच्या एका जोडीने वर्षात १२,००० उंदीर मारल्याचे सांगतात. मळणीयंत्रावरची धूळ नाकातोंडात जाई. पण सगळ्यांत नकोसे काम साखरेच्या बीटचे. काढणी हिवाळ्यात, जमीन गोठलेली, पाने बर्फाने कडक झालेली. दोन्ही हातांत एकेक बीट उपटून घ्यायचा, एकमेकांवर आपटून माती झाडायची, ओळीने टाकत जायचे आणि मग परत फिरून आकडीदार सुऱ्याने एका घावात शेंडा उडवायचा. सकाळभर वाकून हे केल्यावर कंबर सरळ होत नसे. आमच्याकडे ऊसतोडीला जाणाऱ्या बाईला हे वर्णन फारसे परके वाटणार नाही. फक्त तिथे थंडी होती आणि इथे उन्हात उसाची पाने कापतात.

त्या मुलींनी जे मिळवले ते थोडे नव्हे. १९४३ मध्ये त्यांच्यासाठी एक सनद निघाली, तीत वर्षाला आठवडाभराची पगारी रजा होती आणि किमान मजुरी वाढवून दिली होती. शेतमजुरीच्या जगात पगारी रजा हा चमत्कारच. ट्रॅक्टर हाकायला, दुरुस्त करायला त्या शिकल्या. पहिले हसणारे शेतकरी वर्षा-दोन वर्षांत त्यांच्यासाठी अर्ज करू लागले. तरीही या सेनेच्या कथेला एक खोट आहे, आणि ती तिच्या चाहत्यांना आवडत नाही. ब्रिटनची शेती या मुलींनी एकट्याने तगवली नाही. शेतीचा धंदा राखीव ठरवलेला असल्याने बहुतेक अनुभवी गडी शेतावरच राहिले. युद्धकैदी होते, शाळेची पोरे होती, सरकारने बांधून दिलेले भाव होते, हजारो नवे ट्रॅक्टर होते. लाखो एकर गवताळ कुरणे नांगराखाली आली ती या सगळ्यांच्या बळावर. आणि या यादीतही जी नाही ती शेतकऱ्याची बायको. दारावर आलेल्या या मुलींना ती जेवू घालत होती, कोंबड्या-डुकरे-लोणी सांभाळत होती, रेशनचे आणि सरकारी अर्जांचे कागद भरत होती, आणि नवरा आजारी पडला तर गोठाही. ती आधीच शेतावर असल्यामुळे तिने भरती व्हायचा प्रश्नच नव्हता. गणवेश मिळाला तो शेतीत नवख्या असलेल्या बाईला.

तो गणवेशसुद्धा शेवटी रंगवून घ्यावा लागला, हे डेनमनबाईंच्या राजीनाम्याने दाखवले. मुंबईच्या गिरण्यांत बदली कामगार असत. कायम कामगार आला की बदलीने साच्यावरून उठायचे, मग त्याने कितीही वर्षे तो चालवलेला असो. लँड आर्मीचे तेच झाले. ती १९५० पर्यंत चालली, कारण अन्नटंचाई संपली नव्हती. शेवटच्या संचलनाला राणीही आली. सरकारने या बायकांना स्मृतिचिन्हाचा बिल्ला दिला तो २००८ मध्ये. भरतीच्या वेळी अठरा वर्षांची असलेली मुलगी तोवर ऐंशीच्या पुढे गेली होती, जी जिवंत होती ती.

फ्रान्सने गणवेशाचा खर्चही केला नाही. ऑगस्ट १९१४ च्या पहिल्या आठवड्यात, पीक उभे असताना, सैन्यभरतीने गावे रिकामी केली. पंतप्रधान रने व्हिव्हियानी यांनी फ्रेंच शेतकरी स्त्रियांना जाहीर आवाहन केले की उरलेली कापणी आटपा आणि पुढच्या पेरणीची तयारी करा. त्या आवाहनाचा सूर असा की जणू कापणी हा प्रकार या बायकांना नवा आहे. त्यांनी ती आटपली. पुढची चार वर्षेही आटपली, घोडे सैन्यात गेल्यावर काही ठिकाणी स्वतः औताला जुंपून घेऊन. मताचा हक्क त्यांना मिळाला १९४४ मध्ये, म्हणजे आणखी एक महायुद्ध जवळजवळ संपवून.

याच फ्रेंच शेतांवर हिंदुस्थानी सैनिक मुक्कामाला होते. त्यांची घरी जाणारी पत्रे सेन्सॉर उघडून वाचत असे आणि त्यांचे इंग्रजी उतारे आजही जपलेले आहेत. पत्रे बहुतेक पंजाबी आणि उत्तरेकडच्या शिपायांची. काहींत फ्रेंच बाईचे कौतुक आहे, ती एकटी सारी शेती कशी बघते, कशी हिशेबी आहे. आणि घरच्यांसाठी बैल, कर्ज, गहाण, भाऊबंदकी यांबद्दलच्या सूचनाही आहेत. या दोन गोष्टी एकत्र वाचल्या की मजा वाटते. परक्या मुलखातल्या बाईचे एकटीने शेती चालवणे त्याला थोर वाटते. तेच आपल्या घरी चालले आहे, याकडे त्याचे लक्ष जाते ते सूचना देण्यापुरते.

आता इकडे. साताऱ्याजवळच्या अपशिंगे गावचे ४६ जण पहिल्या महायुद्धात कामी आले. त्यांचे स्मारक गावात आहे आणि गावाच्या नावापुढे 'मिलिटरी' लागले ते कायमचे. मराठा पलटणी मेसोपोटेमियात होत्या. ११० वी मराठा पलटण कूतच्या वेढ्यात अडकली आणि २९ एप्रिल १९१६ रोजी तिथल्या साऱ्या फौजेबरोबर शरण गेली. शिपाई तुर्कांच्या कैदेत गेले. त्या जूनमध्ये देशावर पेरणी व्हायचीच होती. ती कशी झाली असेल, याची कल्पना पेरणी पाहिलेल्या कोणालाही करता येईल. पाभर चालते तेव्हा बैलांचा कासरा पुरुषाच्या हाती, आणि मागून चाड्यावर मूठ धरून बहुधा बाई. मुठीतून बी सैल सुटले तर पेर दाट, आखडली तर विरळ. सगळी सुगी त्या बोटांच्या ढिलाईवर. एवढे असून औत धरणे हे बाईचे काम नव्हे, असा दंडक. त्यामुळे नवरा पलटणीत गेला की बाईला कसब नव्हते म्हणून अडत नसे, कासरा धरायला कोणी पुरुष हवा म्हणून अडे. दिराची मनधरणी, शेजाऱ्याचे औत, फार तर इर्जिक घालून गावाला जेवण, नाहीतर जमीन सरळ अर्धलीने. मनीऑर्डर आली की त्यातून आधी औताचे भाडे. १९१८ ला पावसाने दगा दिला आणि पाठोपाठ इन्फ्लुएंझा आला. त्या साथीत आपल्या देशात पुरुषांपेक्षा बायका अधिक मेल्या. युद्धाच्या कोणत्याही हिशेबात ही मरणे धरलेली नाहीत.

दुसऱ्या महायुद्धात हिंदी सैन्य पंचवीस लाखांच्या घरात गेले. सरकारने 'अधिक धान्य पिकवा' मोहीम काढली. धान्य पिकवायचे कोणी, हे मात्र तिच्या नावात नाही. १९४१ हे साल या बाबतीत ध्यानात ठेवण्यासारखे आहे. त्या डिसेंबरात ब्रिटनने अविवाहित तरुण स्त्रियांना राष्ट्रीय सेवा सक्तीची केली. त्यांच्यापुढच्या पर्यायांत शेती होती. त्याच वर्षी इकडे फेडरल कोर्टाने निर्णय दिला की विधवेला नवऱ्याच्या मिळकतीत हिस्सा देणारा १९३७ चा कायदा प्रांतांमधल्या शेतजमिनीला लागू होत नाही. शेती हा प्रांतांचा विषय, केंद्राचा नव्हे, एवढेच कारण. घटनेच्या दृष्टीने ते बरोबरही असेल. पुढे मुंबईसह काही प्रांतांनी स्वतंत्र कायदे करून ती फट बुजवली, आणि तोही हक्क हयातीपुरताच होता. पण त्या निकालाच्या दिवशी आफ्रिकेत पडलेल्या शिपायाच्या बायकोची स्थिती काय होती? एकत्र कुटुंब असेल तर जमीन भाऊबंदांकडे, तिला अन्नवस्त्र.

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने कुळकायदा केला आणि तो खरोखर क्रांतिकारक होता, हे आधी मान्य करतो. कसेल त्याची जमीन. १ एप्रिल १९५७ ला हजारो कुळे कागदावर मालक झाली. पण त्यातल्या दोन तरतुदी शेजारी ठेवून वाचाव्यात. दुसऱ्याची जमीन कायदेशीरपणे कसणारा तो कूळ, मात्र मालकाच्या कुटुंबातली व्यक्ती कूळ ठरत नाही. ही एक. दुसरी, 'जातीने जमीन कसणे' याच्या व्याख्येत कुटुंबातल्या कोणाच्याही श्रमाने कसणे येते. आणि सैन्यात असलेल्या माणसाची जमीन गड्यांकडून, मजुरांकडून किंवा कुळाकडून कसली जात असली तरी तो स्वतःच कसतो असे मानायचे. हेतू चांगला. सीमेवरच्या जवानाची जमीन त्याच्या पाठीमागे कुळाने गिळू नये. विधवांनाही त्याच कलमाने संरक्षण दिले आहे. पण परिणाम बघा. शिपाई लडाखमध्ये, बाई रानात, आणि कायद्याच्या नजरेत जमीन जातीने कसतो तो शिपाई. कोणी परका येऊन तेच काम करता तर त्याला मालकीपर्यंत जाणारी वाट होती. बायकोला ती वाट बंद, कारण ती घरची.

यावर नेहमीचे उत्तर असे की नवरा-बायकोत कसले मालक आणि कूळ. जमीन दोघांचीच असते. आणि नवरा दूर असताना बाईच तर कारभार पाहते, तिचा शब्द चालतो. दुसऱ्या म्हणण्यात तथ्य आहे. कोकणात हे शंभर वर्षे युद्धाशिवायच चालले आहे. पुरुष मुंबईला गिरणीत, गोदीत. मागे भाजावळ, तरवा, लावणी, कापणी, झोडणी बाईकडे. रत्नागिरी जिल्ह्यात २०११ च्या जनगणनेत दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या; गेलेल्या पुरुषांची मोजदाद याहून वेगळी करायची गरज नाही. या बायकांचा दरारा मोठा असतो, घरात आणि भावकीत. पण हा अधिकार मुखत्याराचा, आणि मूळ माणूस परत आला, मेला किंवा त्याच्या भावांनी वाटणी मागितली की तो संपतो. कारभाराच्या भरवशावर बँक पीककर्ज देत नाही. सातबाऱ्यावर देते.

आपल्याकडे हा प्रश्न शेतकरी चळवळीने नेमका पकडला होता, विद्यापीठांच्या बराच आधी. नोव्हेंबर १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी संघटनेचे महिला अधिवेशन झाले आणि पुढे शरद जोशींनी लक्ष्मीमुक्तीचा कार्यक्रम दिला. नवऱ्याने राजीखुशीने थोडी जमीन बायकोच्या नावावर करायची. गावातल्या शंभर जणांनी केली की त्या गावाचा सन्मान. जोशींच्या अर्थशास्त्राशी माझे पटत नाही, पण या एका कार्यक्रमात त्यांनी गणवेश आणि फेरफार यांतला फरक ओळखला होता. संघटनेच्या प्रभावाखालच्या गावांत तो चालला. संघटना ओसरली तसा तोही ओसरला, कारण तो नवऱ्याच्या मर्जीवर उभा होता. २०१५-१६ च्या कृषिगणनेत देशातल्या दर शंभर वहितीदारांत स्त्रिया जेमतेम चौदा. एम. एस. स्वामिनाथन यांनी राज्यसभेत महिला शेतकरी हक्कांचे खासगी विधेयक मांडले होते. ते चर्चेला न येताच बारगळले. मालकी नसली तरी कसणारीला शेतकरी म्हणून दाखला द्यावा, हा त्याचा गाभा होता.

संयुक्त राष्ट्रांनी २०२६ हे आंतरराष्ट्रीय महिला शेतकरी वर्ष ठरवले आहे. म्हणजे पोस्टर निघणार, डोक्यावर पदर आणि हातात विळा असलेल्या हसऱ्या बाईचे. निघू देत. मला रस आहे तो ई-पीक पाहणीत. २०२१ पासून महाराष्ट्रात शेतकऱ्याने स्वतः मोबाइलवर पिकाचा फोटो काढून पीकपेरा नोंदवायचा असतो. कितीतरी घरांत हे काम बाईच करते, कारण बांधावर तीच असते. ॲप उघडल्यावर ती यादीतून खातेदाराचे नाव निवडते. ते नवऱ्याचे, सासऱ्याचे, कधी वारस नोंद न झालेल्या मेलेल्या माणसाचेही. जुन्या हस्तलिखित बाराच्या नमुन्यात 'जमीन करणाराचे नाव' असा रकाना असे आणि त्यात बहुधा 'खुद्द' लिहून तलाठी मोकळा होई. तो रकाना ॲपमध्ये पुन्हा घालावा, बाईच्या नावासाठी खुला ठेवावा, आणि त्या नोंदीवर पीककर्ज, विमा व नुकसानभरपाई मिळावी. मालकीला त्याने धक्का लागत नाही, तेव्हा भावकीने घाबरायचे कारण नाही. महसूल खाते म्हणेल, कायदा बदलावा लागेल. बदलावा. मूळच्या कायद्यात लडाखमधला शिपाई साताऱ्यात जमीन कसतो हे मानता आले, तर साताऱ्यात जमीन कसणारी बाई साताऱ्यात जमीन कसते हे मानायला एवढी अडचण पडू नये.